अवघड जागेचे दुखणे

मिरज,
दि. ७ जुलै

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

रविवारी रात्री आपण फोनवर बोललो, तेव्हा पाऊस, मुलांच्या परीक्षा, तुझी बदली असे सगळे विषय संपल्यावरही तू फोन ठेवत नव्हतास, आणि मग आवाज खाली आणून म्हणालास, ‘जांघेत जरा खाज आहे, पण ट्यूब लावतोय.’ त्या ‘जरा’ची मला चांगली ओळख आहे. मी खोदून विचारल्यावर तू सांगितलेस की हे फाल्गुनापासून चालू आहे, गेल्या महिन्यापासून पुढच्या कातडीलाही चिरा पडल्या आहेत आणि लघवी करताना तिथे झोंबते. तेवढ्यात वहिनी खोलीत आल्या असाव्यात, कारण तू एकदम पेट्रोलच्या भावावर आलास. म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र बंद दाराआड वाचता येते आणि दोनदाही वाचता येते.

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती, म्हणजे हा संकोच तुझा-माझा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण श्रीधर, या संकोचाने माझे दहा महिने आणि बरेच काही घालवले. ते मी पत्नी आणि डॉक्टर यांच्याखेरीज कोणालाही सांगितलेले नाही. आज तुला सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या जांघेत रुपयाएवढा लालसर चट्टा उठला. शाळेत दिवसभर टेरिकॉटची पँट, त्यात दमट हवा आणि घामाने चिकटलेली चड्डी, त्यामुळे असेल म्हणून मी सोडून दिले. चट्टा पसरू लागला तेव्हा मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर दोन बायका होत्या, त्या जाईपर्यंत उगाच खोकल्याची औषधे न्याहाळत उभा राहिलो, आणि मग ‘खाजेवर काहीतरी द्या’ एवढेच म्हणालो. खाज कुठे आहे, किती दिवसांची आहे, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. त्याने जी ट्यूब दिली ती लावल्यावर तासाभरात आग शमायची, चार दिवसांत चट्टा फिकट पडायचा, आणि लावणे थांबवले की आठवड्याच्या आत तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत यायचा. अशा किती ट्यूब संपल्या ते मोजलेले नाही. मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी इथे मिशन रुग्णालय सुरू केले तेव्हापासून लांबलांबून माणसे उपचारासाठी या गावात येतात, आणि मी त्याच गावात राहून, डॉक्टरांच्या पाट्यांखालून रोज सायकलने जात असूनही, दहा महिने एकाही पाटीखाली थांबलो नाही.

त्या ट्यूबमध्ये काय होते ते मला नंतर समजले. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉल नावाचे तीव्र स्टेरॉइड, असे तिन्ही एकत्र. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबते, म्हणून आपल्याला वाटते की गुण आला. प्रत्यक्षात ते त्वचेची लढण्याची ताकदच दाबून टाकते, आणि खाली बुरशी निर्वेधपणे पसरत राहते. जांघेतल्या गजकर्णाची खरी खूण म्हणजे अंगठीसारखी, थोडी उचललेली, खवलेदार कडा आणि आतला निवळलेला भाग. स्टेरॉइडने ती खूणही पुसली जाते आणि मग पाहणाऱ्या डॉक्टरलाही ओळखणे कठीण होते. जांघेतली त्वचा मुळात पातळ, त्यात घडीमध्ये औषध अधिक मुरते, त्यामुळे माझ्या दोन्ही मांड्यांवर आतल्या बाजूने बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे जांभळट वळ उठले. आता ते पांढरे झाले आहेत, पण जाणार नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरी आपण मागतो आणि दुकानदार देतो. तुझ्या ट्यूबवरची बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसले, तर तुझा चट्टा परत परत का येतो याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. पुढच्या होळीच्या सुमारास माझ्या पत्नीच्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, तसेच चट्टे उठले, आणि पाठोपाठ मुलीच्या दंडावर. आम्ही सगळे एकाच दोरीवरचे टॉवेल हाताला येईल तो वापरत होतो. मुलीचा दंड पाहिला त्या दिवशी मला स्वतःची फार चीड आली. त्याच सुमारास माझ्या पुढच्या कातडीला, तू सांगतोस तशाच, उभ्या बारीक चिरा पडू लागल्या. आत लाली, दह्याच्या साक्यासारखा पांढरट थर, आणि कातडी मागे घेताना ब्लेडने कापल्यासारखी वेदना. आयुष्यात कधी वाकडे पाऊल टाकलेले नसतानाही मी रात्री जागा राहून विचार करत असे की हा नक्की गुप्तरोग आहे, आणि पत्नीला काय वाटेल. तिला वाटायचे ते वाटतच होते; ती विचारत नव्हती एवढेच. शेवटी तिनेच एका सकाळी चहा देताना सांगितले, ‘शनिवारी दोघांचा नंबर लावला आहे.’

आता त्या तपासणीचे सविस्तर सांगतो, कारण तुला खरी धास्ती तिचीच आहे. पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ’ असे लिहिले होते आणि ती वाचून माझे पाय जड झाले. पण ते नाव त्यांच्या पदवीतच असते. ज्या डॉक्टरांकडे मुरुमांसाठी कॉलेजातली पोरे जातात त्यांचीच ती पाटी असते. डॉक्टरांनी आधी पत्नीला बाहेर बसायला सांगितले आणि मला, बँकेत पासबुक मागावे तितक्या साध्या आवाजात, एकामागून एक प्रश्न विचारले. कधीपासून, काय काय लावले, घरात आणखी कोणाला आहे, लघवी किती वेळा होते, रात्री तहान लागते का, पत्नीखेरीज कोणाशी संबंध आला आहे का. या शेवटच्या प्रश्नाला मी दचकलो, तर ते म्हणाले की हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण उत्तरावर औषध ठरते. पडद्याआड दोन मिनिटांची तपासणी झाली, हातमोजे घालून, चांगल्या उजेडात. मग ब्लेडच्या बोथट पाठीने चट्ट्याच्या कडेची चिमूटभर खवली काचेवर खरवडून घेतली, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकले आणि थोड्या वेळाने काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बोलावले. ‘सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना, पाहा.’ मी पाहिले. फिकट पेशींच्या फरशीवरून काचेच्या दोऱ्यासारखे, गाठी-गाठींचे, फाटे फुटलेले धागे गेले होते. दहा महिने ज्याला मी पाप, दैव, उष्णता अशी नावे देत होतो, ती एक बुरशी होती आणि ती डोळ्यांनी दिसत होती. मला त्या क्षणी जे हलके वाटले ते शब्दांत सांगता येत नाही.

पुढच्या कातडीचे कारण मात्र निराळे निघाले. तिथे कॅन्डिडा नावाचे यीस्ट होते, आणि डॉक्टरांनी त्यावर मलम लिहिण्याच्या आधी साखर तपासायला पाठवले. उपाशीपोटी २१२. एकशे सव्वीस किंवा त्याच्या वर मधुमेह मानतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ९.१, जी साडेसहा किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह मानतात. माझा मधुमेह मला अशा रीतीने, त्या दोन चिरांनी, सांगितला. पुरुषाला पुढच्या कातडीचा असा दाह वारंवार होऊ लागला की साखर पाहायचीच, हे डॉक्टरांचे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

तुझी साखर आधीच आहे आणि तू म्हणालास की गोळी दोन-तीन महिन्यांपूर्वी बदलली. म्हणून गोळीच्या पट्टीवरचे नावही पाहा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असे काही असेल, तर ही औषधे रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती साखर पुढच्या कातडीखाली राहते आणि यीस्टला आयते खाद्य मिळते. या गोळ्यांचा तो सर्वश्रुत दुष्परिणाम आहे. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नकोस, कारण हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी तिचा मोठा उपयोग असतो. ज्यांनी ती लिहिली त्यांना हा त्रास सांगायचा आणि चालू ठेवायची की बदलायची ते त्यांनी ठरवायचे. तू त्यांना सांगितले नसशील याची मला जवळजवळ खात्री आहे. साखर पाहायला गेल्यावर कोण जांघेचे सांगतो?

माझ्या सांगण्यावरून तू स्वतःच निदान करून टाकू नकोस, म्हणून आणखी काही लिहितो. प्रत्येक खाज गजकर्ण नसते. खाज रात्री अंथरुणात वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती पुरळ असेल, अंडकोशावर कडक गाठीसारखे फोड असतील आणि घरातले इतरही खाजवत असतील, तर ती खरूज असू शकते, आणि तिचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे लागते. काही वेळा संसर्ग काहीच नसतो. नवा साबण, कपड्यांत राहिलेली धुण्याची पावडर किंवा जंतुनाशक द्रव न पातळ करता लावणे, एवढ्यानेही कातडी सोलवटते. तू लिंबू आणि कापूर घातलेले खोबरेल लावून पाहिलेस, ते कृपा करून बंद कर. आणि टोकाच्या कडेने एका ओळीत मोत्यांसारखे बारीक, न दुखणारे दाणे असतात, ते पुष्कळ पुरुषांना असतात आणि तो आजारच नव्हे.

याउलट काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर वाटच पाहायची नाही. लघवीच्या जागेतून पू किंवा चिकट स्राव येणे, पाण्याच्या बारीक फोडांचा दुखरा घोस येणे, जांघेत अवधाण, म्हणजे सुजून गाठ, येणे, किंवा एखादी जखम होणे, या त्या खुणा. त्यातही न दुखणारी जखम अधिक फसवी, कारण उपदंशाची, म्हणजे जुनी माणसे जिला गरमी म्हणत त्या रोगाची, पहिली जखम दुखत नाही आणि औषधावाचून काही आठवड्यांत भरूनही येते. माणूस सुटलो म्हणतो आणि रोग रक्तात राहतो. साध्या रक्ततपासणीने तो कळतो आणि पेनिसिलीनने बरा होतो. तुझ्या आयुष्यात असे काही घडले असेल तर ते मला सांगण्याची गरज नाही, पण डॉक्टरांपासून लपवू नकोस. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते, तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. एचआयव्हीची तपासणीही सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन केंद्रात मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने ती माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. नुसते विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक आहे, नाव सांगावे लागत नाही. स्टँडच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असे रंगवलेले असते, तिथे मात्र पाऊल टाकू नकोस; आपल्या संकोचावर त्या माणसांचे दुकान चालते आणि आजारापेक्षा भीतीचेच पैसे ते अधिक घेतात.

तातडीच्या गोष्टी तीनच सांगतो. अंडकोशात अचानक असह्य कळ येणे. मागे घेतलेली कातडी मागेच अडकून टोक सुजणे. आणि जांघेत किंवा गुदद्वाराच्या पुढच्या भागात ताप-थंडीसह झपाट्याने पसरणारी सूज, भयंकर दुखणे किंवा काळा पडत जाणारा डाग. यांपैकी काहीही झाले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे. पहिल्यात पीळ पडलेला असेल तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही की अंड वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. तिसरे क्वचित होते, पण मधुमेहींना अधिक होते आणि जिवावर बेतते.

वहिनींबद्दल लिहू की नको याचा विचार करत होतो, पण माझ्या पत्नीने आग्रह धरला आणि पुढचे चार शब्द तिचेच आहेत असे समज. तू म्हणालास, ‘तिलाही हल्ली अंगावरून पांढरे जाते, पण ती काही बोलत नाही.’ बायका तर पुरुषांच्या दुप्पट दिवस अंगावर काढतात, कारण पांढरे जाणे म्हणजे हाडे झिजणे, शक्ती जाणे, असे त्यांच्या मनात लहानपणापासून भरवलेले असते. थोडा, स्वच्छ, वास नसलेला स्राव प्रत्येक स्त्रीला असतो आणि महिन्याच्या दिवसांप्रमाणे तो बदलतो. त्याने हाडे झिजत नाहीत. पण तो दह्यासारखा घट्ट होऊन जीव नकोसा करणारी खाज सुटली, माशासारखा वास येऊ लागला, पिवळा-हिरवा फेसाळ झाला किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर तपासून घ्यावे लागते. यातल्या पहिल्या तिन्ही प्रकारच्या स्रावांची औषधे वेगवेगळी आहेत, त्यामुळे मैत्रिणीला लागू पडलेली गोळी उपयोगी पडेलच असे नाही. यातल्या फेसाळ स्रावाच्या आजारात नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर तो तिच्याकडे परत येतो. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे हानिकारक आहे, कारण त्याने तिथले रक्षक जंतूच मरतात. बाहेरून साधे पाणी पुरते. पाळी गेल्यानंतर कोरडेपणाने आग होत असेल तर त्यावर चांगले औषध आहे, आणि पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचे. मला वाटते वहिनींनाही तुझ्यासारखेच वाटत असेल की आपल्यामुळे झाले. एकदा तिच्यापाशी बस आणि बोल.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात. दीड महिना पोटातून बुरशीचे औषध घेतले, चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, कारण मध्येच थांबवल्यानेच ते उलटते. घरातल्या तिघांचेही उपचार एकाच वेळी झाले. टॉवेल वेगळे केले, आतले कपडे गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवले, आणि पावसाळ्यात ऊन नसले की इस्त्री फिरवली. सैल सुती चड्डी, ओले कपडे अंगावर न ठेवणे, आंघोळीनंतर जांघ टिपून कोरडी करणे, एवढेच पथ्य. आणि करदोटा काढला. तो काढायला सांगितला तेव्हा मी अडखळलो, कारण आईने बांधलेला होता, तिच्या माघारी मी फक्त दोरा बदलत आलो होतो. पण घामाने भिजून सदैव ओला राहणारा तो दोरा बुरशीचे घरच झाला होता. तो मी देवघरातल्या डबीत ठेवला आहे. तुझ्याही कमरेला आहे हे मला कृष्णेत पोहायला जात होतो तेव्हापासून ठाऊक आहे.

पुढच्या कातडीसाठी रोज ती हळूच, जाईल तेवढीच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि आठवणीने पुन्हा पुढे आणायची. चिरा असताना ओढाताण करायची नाही, आणि बरे होईपर्यंत संबंध टाळायचे. साखर आटोक्यात आल्यावर माझ्या चिरा दोन आठवड्यांत भरल्या आणि आजवर परत आल्या नाहीत. वारंवार चिरून कातडी आखडली तर ती मागेच जाईनाशी होते आणि सुंता करावी लागते. तुझे ते होऊ नये असे फार वाटते.

चिपळुणात सगळे ओळखतात म्हणून तू जात नाहीस, हे मी समजू शकतो. मग इकडे ये. कुंभार्ली घाट सध्या चालू आहे, कराडमार्गे संध्याकाळपर्यंत पोहोचशील. मुक्काम आमच्याकडेच. तपासणीच्या सकाळी जांघेला काहीही लावू नकोस, आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब त्यांच्या खोक्यांसह पिशवीत घाल, साखरेच्या गोळ्यांची पट्टी आणि शेवटचा रिपोर्ट घे. सध्याच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघाले आणि ती बंद केल्यावर आधी थोडे भडकले तर घाबरू नकोस, तेही डॉक्टरांना सांग. ते शनिवारी दुपारपर्यंत बसतात आणि त्यांच्या समोरच्याच इमारतीत माझ्या पत्नीच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आहेत. नंबर गुरुवारी सकाळी नऊला लावावा लागतो. एक लावू की दोन, ते वहिनींना विचारून बुधवारपर्यंत कळव.

तुझा,
अनंत